कॅराव्हॅनसाठी शेड: आधी गाडीचे माप, मग जागेचे, आणि सर्वांत शेवटी पत्र्याचे

टेम्पो ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेली कॅराव्हॅन, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घरी आली की शेडचा विचार बहुधा वेल्डरच्या दरापासून सुरू होतो. पत्रा सोळा फुटी मिळतो म्हणून शेड सोळा फुटी ठरते, शेजाऱ्याची शेड दहा फूट उंच आहे म्हणून आपलीही तेवढीच ठरते, आणि गाडीचे माप नोंदणी पुस्तकातून उतरवून घेतले जाते. अशा शेडमध्ये गाडी आत जाते, परंतु तिचे दार पूर्ण उघडत नाही, किंवा आत जाताना छतावरचा एसी तुळईला घासतो, किंवा दुपारी चारनंतर सावली गाडी सोडून अंगणात पडते. सोलापुरात होटगी रस्त्यालगत मी पाहिलेल्या एका शेडमध्ये मूळ माप बरोबर होते. पण शेड उभी राहिल्यावर खाली पाच इंच काँक्रीट ओतले गेले आणि पहिल्याच दिवशी एसीचे आवरण फुटले. खांब एकदा रोवले गेले की ही चूक स्वस्तात सुधारता येत नाही. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत.

१. तयारी

लागणारी साधने साधी आहेत: तीस मीटरचा टेप, ओळंबा, पाणपातळी, पातळी नळी, गवंडी वापरतात ती सरळ ॲल्युमिनियमची पट्टी, दोरी, खुंट्या, फक्की, पाच-सहा रिकामे प्लॅस्टिकचे डबे आणि मदतीला दोन माणसे. माप फूट-इंचात घ्यावे की मीटरमध्ये हे सुरुवातीलाच ठरवावे आणि शेवटपर्यंत तेच ठेवावे. आपल्याकडे फॅब्रिकेटर फुटात बोलतो आणि आराखडा मीटरमध्ये येतो. या अदलाबदलीत तीन-चार इंच सहज हरवतात.

गाडी सपाट आणि कठीण जमिनीवर उभी करावी. अंगण उताराचे असेल तर एखाद्या वजनकाट्यावर जावे, तेथील पृष्ठभाग समतल असतो. टायरमध्ये हवा ठरलेल्या दाबाची असावी, आणि पाण्याच्या टाक्या रिकाम्या व सामान उतरवलेले असावे. रिकाम्या गाडीचे पाटे कमी दबतात आणि ती भरलेल्या गाडीपेक्षा उंच उभी राहते. शेडसाठी आपल्याला तिची सर्वांत उंच अवस्था हवी आहे.

२. गाडीचे खरे माप

लांबी पुढच्या बंपरच्या टोकापासून मागच्या शेवटच्या टोकापर्यंत घ्यावी. मागची शिडी, सायकलचा स्टँड, स्टेपनी हे सर्व त्यात धरावे. गाडीमागे ओढायची कॅराव्हॅन असेल तर जोडणीचा दांडाही लांबीतच मोजावा.

रुंदी दोन वेळा मोजावी: एकदा नुसत्या बॉडीची आणि एकदा दोन्ही आरसे उघडे ठेवून टोकापासून टोकापर्यंत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडीच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे, परंतु ती मोजताना बाजूचे आरसे धरले जात नाहीत. त्यामुळे कागदावरची रुंदी ही गाडी फाटकातून प्रत्यक्ष नेताना लागणारी रुंदी नसते. आरशांमुळे ती फूट-दीड फुटाने वाढते. बाजूला गुंडाळलेल्या छताची, म्हणजे ऑनिंगची, पेटी असेल तर तीही बॉडीच्या रुंदीत धरावी.

उंची मोजताना टेप गाडीला टेकवून वर पाहणे पुरेसे नाही. शिडीवर चढून छतावरील सर्वांत उंच वस्तूवर ॲल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवावी, ती पाणपातळीने समतल करावी, तिच्या बाहेर आलेल्या टोकावरून ओळंबा सोडावा आणि जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. सर्वांत उंच वस्तू बहुधा एसी असतो. पण हवेच्या खिडकीचे उघडे झाकण, सोलर पॅनलची पट्टी किंवा अँटेना त्याहून वर जात असेल तर तेच माप धरायचे.

आणखी दोन आकडे लिहून ठेवावेत: पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, म्हणजे व्हीलबेस, आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून गाडीच्या शेपटापर्यंतचे अंतर. हे दोन आकडे सहसा कोणी मोजत नाही, आणि पुढच्या निम्म्या चुका तेथूनच निघतात. नियमानुसार हा मागे लटकणारा भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपर्यंत असू शकतो.

तपासणी: प्रत्येक माप दोन वेगवेगळ्या माणसांनी घ्यावे. अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजावे.

३. गाडीभोवतीची मोकळी जागा

आता गाडीची सर्व दारे, डिकी, गॅसच्या टाकीचे झाकण आणि सामानाच्या खणांची झाकणे उघडावीत आणि प्रत्येक झाकण बॉडीपासून किती बाहेर येते ते टिपून घ्यावे. आपल्याकडे राहण्याच्या भागाचे दार डाव्या बाजूला आणि चालकाचे दार उजव्या बाजूला असते. डाव्या बाजूने माणसे, अंथरूण-पांघरूण, पाण्याचे कॅन आणि भांडी आत-बाहेर जातात. म्हणून गाडी शेडच्या बरोबर मध्यभागी उभी करण्याचा हट्ट धरू नये. माझ्या मते डावीकडे पाच फूट आणि उजवीकडे साडेतीन फूट ही विभागणी समान विभागणीपेक्षा कितीतरी उपयोगी पडते. पुढे बॉनेट उघडून उभे राहण्यास तीन फूट, आणि मागे दार किंवा शिडी असल्यास चार फूट ठेवावेत.

ऑनिंग शेडमध्ये उघडायचे आहे का, हा प्रश्न घरातील सर्वांना आधीच विचारावा. उघडायचे असेल तर डावीकडे आठ-नऊ फूट लागतात आणि शेडचा खर्चच बदलतो. बहुतेक कुटुंबांना ते प्रवासातच उघडावे लागते; घरी केवळ वाळवण्यासाठी उघडायचे असेल तर गाडी अंगणात काढता येते.

एक उदाहरण घेऊ. समजा गाडीची सर्व काही धरून लांबी २४ फूट, बॉडीची रुंदी ६ फूट १० इंच आणि आरशांसह रुंदी ८ फूट ४ इंच आहे. रुंदीत डावीकडचे ५ फूट आणि उजवीकडचे साडेतीन फूट मिळवल्यास १५ फूट ४ इंच येतात. ते १६ फूट धरावेत. लांबीत पुढचे ३ आणि मागचे ४ फूट मिळवल्यास ३१ फूट येतात.

सावधान: हे १६ फूट म्हणजे खांबाच्या आतल्या अंगापासून समोरच्या खांबाच्या आतल्या अंगापर्यंतचे मोकळे अंतर आहे. फॅब्रिकेटर मात्र खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतो. खांब पाच इंची असेल आणि आपण नुसते ‘सोळा फूट’ सांगितले, तर मोकळे अंतर १५ फूट ७ इंचच राहते, आणि पावसाच्या पाण्याचा पाइप खांबाच्या आतून आणला तर आणखी चार इंच जातात. येथे मध्यापासून मध्यापर्यंत १६ फूट ५ इंच असे सांगावे लागेल.

४. उंची: सर्वाधिक चुका येथे होतात

शेडची उंची म्हणजे तयार झालेल्या फरशीपासून छताखालच्या सर्वांत खालच्या वस्तूपर्यंतचे अंतर. ही सर्वांत खालची वस्तू पत्रा कधीच नसते. ती कैचीची खालची दांडी, पुढची तुळई किंवा नंतर टांगलेली ट्यूबलाइट असते. ‘तेरा फुटी शेड’ असे कोणी म्हटले की तेरा फूट कोठून कोठपर्यंत, हे लगेच विचारावे. कित्येकदा तो आकडा आढ्याचा असतो, तर कधी जमिनीत गाडलेल्या भागासह पूर्ण खांबाचा असतो.

उंचीची बेरीज चार भागांत करावी.

पहिला भाग गाडीच्या सर्वांत उंच वस्तूचा. आपल्या उदाहरणात तो ९ फूट १० इंच धरू.

दुसरा भाग जोत्याचा. पाणी आत येऊ नये म्हणून शेडची फरशी अंगणापेक्षा उंच करतात आणि गाडी लहान उतारावरून आत चढते. गाडी मागे घेत आत नेताना मागची चाके फरशीवर चढतात, पुढची अजून खाली असतात, आणि गाडी तिरपी होऊन तिचे शेपूट फरशीच्या मानाने वर उचलले जाते. हे किती उचलले जाईल ते काढणे सोपे आहे: जोत्याच्या उंचीला शेपटाच्या लांबीने गुणावे आणि व्हीलबेसने भागावे. शेपूट व्हीलबेसच्या ६० टक्के आणि जोते ६ इंच असेल तर उत्तर ३.६ इंच येते. जोते एक फुटाचे असेल तर सात इंचांहून अधिक येते. सपाट जमिनीवर बरोबर बसणारी गाडी आत जाताना छताला का लागते, याचे उत्तर बहुधा याच आकड्यात असते. येथे ४ इंच धरावेत.

तिसरा भाग नंतर वाढणाऱ्या गोष्टींचा. फरशीवर पुढे पेव्हर ब्लॉक बसतात, गाडीवर आणखी एखादे सोलर पॅनल चढते. यासाठी किमान ४ इंच राखावेत.

चौथा भाग हवेचा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर राहतो आणि तापलेला पत्रा खाली उष्णता फेकत राहतो. गाडीचे छत आणि शेडचे छत यांत दीड फूट मोकळे अंतर असेल तर गरम हवा बाजूंनी निघून जाते. त्याहून कमी अंतर ठेवल्यास शेड असूनही गाडीचे अंतरंग भट्टीसारखे तापते आणि छताच्या सांध्यातील सीलंट लवकर भेगाळतो.

बेरीज १२ फूट येते. यापुढे, छतावर उभे राहून पॅनल पुसता यावेत म्हणून शेड पंधरा-सोळा फूट करण्याचा सल्ला काही जण देतात. मी तसे करू नये असेच म्हणेन. उंचीबरोबर वाऱ्याचा जोर आणि तिरपे ऊन दोन्ही वाढतात; पॅनल पुसण्यासाठी गाडी बाहेर काढणे पुष्कळ स्वस्त पडते.

सावधान: एकपाखी छत असेल तर हे १२ फूट खालच्या बाजूचे असले पाहिजेत. १६ फूट रुंदीत दहाला एक असा उतार दिला तर दोन बाजूंत १९ इंचांचा फरक पडतो. वरची बाजू १२ फूट धरली तर खालची साडेदहाच्याही खाली जाते.

५. जागा, दिशा आणि परवानगी

शेड कोणत्या दिशेला लांब असावी हे बहुतेक जण फाटक पाहून ठरवतात. सोलापुरात ते ऊन पाहून ठरवावे. येथे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो, त्यामुळे दुपारच्या उन्हाला कोणतेही छत पुरते. त्रास चारनंतरच्या उन्हाचा असतो, आणि मे महिन्यात ते जवळजवळ थेट पश्चिमेकडून येते. बारा फूट उंचीवरील पत्र्याच्या कडेची सावली दुपारी चार वाजता सुमारे १५ फूट पूर्वेकडे सरकलेली असते आणि पाच वाजता सुमारे २६ फूट. म्हणजे शेडची लांब बाजू पश्चिमेकडे असेल तर चारच्या सुमारास गाडीची जवळजवळ पूर्ण एक बाजू उन्हात असते.

म्हणून शक्य असेल तेथे शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, प्रवेश पूर्वेकडून घ्यावा आणि पश्चिमेकडील आखूड टोक पत्र्याने किंवा दाट शेडनेटने झाकावे. जागा लांबट असून दिशा बदलता येत नसेल, तर पश्चिमेच्या लांब बाजूला गाडीच्या उंचीएवढा आडोसा करावा लागेल आणि त्याचा खर्च आधीच धरावा. नुसते छत पुढे वाढवून हे काम होत नाही, हे वरच्या आकड्यांवरून दिसेलच.

वर विजेची तार आहे का ते पाहावे. विद्युत सुरक्षा नियमांनुसार ६५० व्होल्टपर्यंतच्या तारेपासून बांधकामाचे उभे अंतर किमान २.५ मीटर आणि आडवे १.२ मीटर हवे. ११ केव्हीच्या तारेसाठी उभे अंतर ३.७ मीटर आणि आडवे १.२ मीटर हवे. हे अंतर तारेचा जास्तीत जास्त झोळ धरून मोजतात. तार जवळ असेल तर महावितरणकडे आधी अर्ज करावा.

महानगरपालिकेच्या हद्दीत घराभोवतीच्या सामासिक अंतरात कायमची शेड उभारण्यापूर्वी मंजुरी लागते का, हे वास्तुविशारदाकडून लेखी समजून घ्यावे. ही चौकशी आखणीच्या आधी करावी. शेड सीमाभिंतीपासून आत सरकवावी लागली तर वरची सगळी मापे पुन्हा बसवावी लागतात.

६. फक्कीने आखणी आणि गाडीनिशी चाचणी

हा टप्पा सर्वाधिक गाळला जातो. एक सकाळ त्यात जाते, एवढाच त्याचा खर्च.

मोकळ्या जागेवर दोरी ताणून शेडचा आयत आखावा. काटकोन डोळ्यांनी ठरवू नये: एका बाजूवर ३ फूट, दुसऱ्या बाजूवर ४ फूट मोजले असता तिरके अंतर बरोबर ५ फूट यावे. मोठ्या आयतासाठी हेच माप ९, १२ आणि १५ फूट असे घ्यावे. शेवटी दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तरच आयत खरा. मग फक्की टाकावी आणि जेथे जेथे खांब येणार तेथे एकेक डबा ठेवावा.

आता गाडी रस्त्यावरून, फाटकातून, रोजच्याच पद्धतीने आत आणावी. चालवणारा तोच असावा जो पुढेही चालवणार आहे. एका माणसाने पुढच्या टोकाकडे आणि दुसऱ्याने केवळ मागच्या कोपऱ्याकडे पाहावे. स्टीअरिंग पूर्ण वळवले असता गाडीचे शेपूट वळणाच्या उलट बाजूला बाहेर फेकले जाते; मागचा भाग लांब असेल तर हे फेकणे फूटभर असू शकते. चालक पुढच्या चाकांकडे पाहत असतो आणि खांबाला लागतो तो मागचा कोपरा. डबा पडला तर तो खांब सरकवावा, किंवा प्रवेशाच्या बाजूचे पहिले दोन खांब आत घेऊन त्यांच्यापुढे छत तुळईवर लटकते ठेवावे.

तपासणी: गाडी जागेवर उभी करून सर्व दारे उघडावीत. एकही दार डब्यासमोर येता कामा नये. ३१ फुटांच्या लांबीत सुमारे दहा-दहा फुटांचे तीन गाळे होतात. राहण्याच्या भागाचे दार एखाद्या गाळ्याच्या मध्याजवळ यावे. गाडीच्या छतावर एक उंच काठी बांधून फाटकावरील कमान, झाडाच्या फांद्या आणि केबलच्या तारा यांच्याखालून ती जाते का तेही याच वेळी पाहावे.

७. पाया आणि खांब

सोलापूर परिसरात बऱ्याच जागी वर काळी माती आणि खाली मुरूम असतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा देत आकसते. तिच्यातच टेकवलेला खांब दोन-तीन वर्षांत कलतो, आणि आपण इंचाइंचाने राखलेली मोकळी जागा कलत्या खांबाबरोबर जाते. खड्डा ठराविक ‘तीन फूट’ खणून थांबू नये. घट्ट मुरूम लागेपर्यंत जावे. जागेवर पूर्वी भराव टाकला असेल तर भरावाखालचा मुरूम गाठावा.

फाउंडेशन बोल्ट काँक्रीटमध्ये बसवताना बेस प्लेटचाच साचा वापरावा आणि काँक्रीट घट्ट होण्यापूर्वी कर्ण पुन्हा मोजावेत. सर्व खांबांच्या पायाची पातळी नळीने मिळवावी, आणि ती अंगणाच्या मानाने धरण्याऐवजी तयार फरशीच्या उंचीच्या मानाने धरावी. यासाठी भिंतीवर किंवा एखाद्या पक्क्या खुंटीवर रंगाने फरशीची रेघ मारून ठेवावी आणि गवंडी, फॅब्रिकेटर, फरशीवाला या तिघांनीही तीच रेघ धरावी. होटगी रस्त्यालगतच्या त्या शेडमध्ये ही एक रेघ नव्हती.

८. छत, उतार आणि वारा

वळवाच्या पावसाआधी येणारा वारा पत्र्याला खाली दाबण्यापेक्षा वर उचलतो. सर्व बाजूंनी मोकळी शेड एका प्रकारे वागते आणि एक टोक बंद केलेली शेड दुसऱ्या प्रकारे; बंद टोकाला अडलेला वारा छताला आतून वर रेटतो. तीन बाजू बंद आणि वाऱ्याची बाजू उघडी, ही रचना सर्वांत धोक्याची. म्हणून कोणती बाजू बंद होणार हे खांबांचा आकार ठरण्यापूर्वीच अभियंत्याला सांगावे आणि आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे वाऱ्याचा हिशोब करून घ्यावा. ‘आधी शेड होऊ द्या, पत्रे नंतर बाजूला मारू’ असे म्हणणे म्हणजे तो हिशोब फाडून टाकणे होय. आडोशाच्या वर आणि खाली फूटभर फट ठेवावी. खालची फट आणखी एका कारणाने आवश्यक आहे: स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास जमिनीलगत साचतो.

पन्हाळ खालच्या बाजूला येते. ती शेजाऱ्याच्या हद्दीकडे किंवा आपल्या राहण्याच्या भागाच्या दाराकडे येणार नाही, हे पाहूनच उताराची बाजू ठरवावी.

९. फॅब्रिकेटरला द्यायचा कागद

तोंडी सांगणे टाळावे. एका कागदावर साधी आकृती काढून पुढील आकडे लिहावेत आणि त्यावर दोघांनी सह्या कराव्यात: खांबांच्या आतल्या अंगांमधील मोकळी रुंदी १६ फूट, छताखालची एकूण लांबी ३१ फूट, तयार फरशीच्या रेघेपासून सर्वांत खालच्या लोखंडापर्यंत १२ फूट, तेही उताराच्या खालच्या बाजूला, बंद टोक पश्चिमेचे, गाळ्यांची मापे फक्कीच्या आखणीप्रमाणे. ‘मोकळी’, ‘तयार फरशी’ आणि ‘सर्वांत खालचे लोखंड’ हे शब्द कागदावर असलेच पाहिजेत. आकडे सगळेच लिहितात; वाद या शब्दांवरून होतात.

खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, वेल्डिंग अजून पक्के न करता तात्पुरत्या टाक्यांवरच आहे आणि पत्रा अजून चढलेला नाही, अशा दिवशी काम थांबवून गाडी एकदा आत न्यावी. फरशी झालेली नसेल तर चाकांच्या रेषेत फरशीच्या उंचीइतक्या जाड फळ्या टाकाव्यात आणि त्यांवरूनच गाडी मागे घ्यावी. एक माणूस शिडीवरून एसी आणि तुळई यांमधील अंतर पाहत राहील. अंतर हिशोबापेक्षा दोन इंचांहून कमी निघाले, तर टाके तोडून तुळई वर घेण्यास त्या दिवशी एखादा तास पुरतो.